सोलापूरच्या उन्हाळ्यात बिनपंख्याचा, कमी उंचीचा सीपीयू कूलर टिकेल का?

ताणाबाणा (११ मार्च, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा टेरी टॉवेलचा छोटा यंत्रमाग कारखाना आहे. मागांच्या शेडला लागून दहा बाय दहाची कार्यालयाची खोली असून तिथल्या संगणकावर हिशेब, जीएसटीची बिले आणि जॅकार्डच्या नक्षीचे काम चालते. खोलीचे दार दिवसातून शंभर वेळा उघडते आणि प्रत्येक वेळी सुताची बारीक रुई आत येते. गेल्या वर्षभरात प्रोसेसरवरचा पंखा दोनदा बंद पडला. दुसऱ्यांदा झाकण उघडले, तेव्हा पंख्याखाली हीटसिंकवर, म्हणजे उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या पात्यांच्या ठोकळ्यावर, राखाडी रंगाची जाड गादी बसलेली दिसली. ती चिमटीत धरून ओढली तर अखंड निघून आली आणि तिच्या खालच्या बाजूला हीटसिंकच्या पात्यांच्या रेघा जशाच्या तशा उमटलेल्या होत्या.

त्या दिवसापासून मनात एकच विचार आहे की पंखाच नको. कॅबिनेट लहान आहे, मदरबोर्ड मिनी-आयटीएक्स म्हणजे १७ बाय १७ सेंटीमीटरचा आहे आणि प्रोसेसर इंटेलचा आय३-१२१०० आहे. या जागेत बसेल असा कमी उंचीचा, बिनपंख्याचा कूलर कोणी वापरला आहे का? वापरला असल्यास एप्रिल-मे महिन्यांत त्याचे वर्तन कसे राहिले, हे मला विशेषकरून जाणून घ्यायचे आहे, कारण परदेशातील परीक्षणे वाचून आमच्या पत्र्याच्या शेडचा अंदाज बांधता येत नाही.

जुळे_सोलापूरकर (११ मार्च, रात्री १०.०५)

शीर्षकात कूलर हा शब्द वाचून आधी वाटले की वाळ्याच्या कूलरचा हंगामी धागा निघाला आहे. आता मुद्द्याचे विचारतो. प्रोसेसरवरच्या धातूच्या टोपणापासून कॅबिनेटच्या झाकणापर्यंत किती मिलिमीटर जागा आहे, हे पट्टी लावून मोजले आहे का? कूलरची उंची त्या टोपणापासूनच मोजली जाते, मदरबोर्डच्या पृष्ठभागापासून मोजत नाहीत. त्याशिवाय झाकणाला भोके आहेत की ते सपाट पत्र्याचे आहे, हेही कळवावे.

ताणाबाणा (१२ मार्च, सकाळी ८.२०)

आज सकाळी माग सुरू होण्याआधी मोजून घेतले. टोपणापासून झाकणापर्यंत ६२ मिलिमीटर जागा आहे. झाकण सपाट पत्र्याचे असून फक्त दोन्ही बाजूंना भोकांची पट्टी आहे. मेमरीची साधी उभी पट्टी प्रोसेसरच्या अगदी शेजारी येते. खोलीतला तापमापक गेल्या मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमारास ४१ दाखवत होता, आणि बाहेर त्या दिवसांत ४३ होते.

तापमापक (१२ मार्च, दुपारी १.१५)

धागाकर्त्यांनी खोलीचे तापमान दिले, हे फार चांगले झाले, कारण या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या ४१ मध्येच आहे. मी यांत्रिकी शाखेचा माणूस असल्यामुळे थोडा हिशेब मांडतो.

कुठल्याही कूलरचा खरा गुण म्हणजे एका वॉट उष्णतेमागे प्रोसेसर आजूबाजूच्या हवेपेक्षा किती अंशांनी तापतो, हा आकडा. त्याला औष्णिक रोध म्हणतात. बिनपंख्याच्या कूलरमध्ये गरम झालेली हवा हलकी होऊन आपली आपणच वर जाते आणि तिच्या जागी थंड हवा येते. ही हालचाल इतकी मंद असते की एका चौरस मीटर पृष्ठभागातून, प्रत्येक अंशाच्या फरकामागे, सर्वसाधारणपणे पाच ते दहा वॉटच उष्णता बाहेर पडते. पंख्याने हवा ढकलली की हाच आकडा कितीतरी पटींनी वाढतो. म्हणून पंखा काढायचा असेल तर पृष्ठभाग वाढवावा लागतो, आणि पृष्ठभाग वाढवायला उंची लागते. कमी उंची आणि पंखा नसणे या दोन मागण्या एकमेकींना छेद देतात.

आता आपल्या जागेचा हिशेब पाहू. साडेनऊ सेंटीमीटर चौरस आणि सहा सेंटीमीटरच्या आत उंची असलेला, रुंद फटींचा ॲल्युमिनियमचा ठोकळा घेतला, तर पात्यांच्या दोन्ही बाजू मिळून साधारण ०.१२५ चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. कॅबिनेटच्या आतली संथ हवा आणि प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावायच्या थर्मल पेस्टचा थोडा अडथळा धरून माझ्या ढोबळ अंदाजाने एका वॉटमागे दीड अंश तापवाढ होईल. मे महिन्यात खोली ४१ वर आणि कॅबिनेटच्या आतली हवा तिच्याहून नऊ अंशांनी अधिक, म्हणजे ५०. इंटेलचा हा प्रोसेसर १०० अंशांना स्वतःचा वेग कमी करू लागतो, पण रोज त्या कड्यावर उभे राहणे बरे नाही, म्हणून ८५ ही आपली मर्यादा धरू. हातात उरले ३५ अंश. ३५ भागिले दीड, म्हणजे जेमतेम २३ वॉट.

आय३-१२१०० चा मूळ आकडा, म्हणजे सलग कामात तो जेवढी उष्णता सोडतो तो, ६० वॉट आहे आणि थोड्या वेळासाठी तो ८९ वॉटपर्यंत जाऊ शकतो.

हाच ठोकळा २५ अंशांच्या खोलीत, उघड्या टेबलावर, प्रोसेसरला १०० अंशांपर्यंत जाऊ देऊन तपासला तर ७५ भागिले दीड, म्हणजे ५० वॉट पेलतो. कूलर तोच आणि धातू तोच, तरी थंड देशात ५० आणि अक्कलकोट रस्त्यावर २३. खोक्यावर छापलेला वॉटचा आकडा आपल्या उपयोगाचा का नसतो, हे यावरून ध्यानात येईल.

शांतघर (१२ मार्च, सायंकाळी ६.५०)

तापमापक यांच्या हिशेबाला माझ्या घरची नोंद जोडते. आम्ही सात रस्त्याजवळ राहतो. माझे यजमान भजने ध्वनिमुद्रित करतात आणि पंख्याची घरघर माइकमध्ये येत असे, म्हणून मी दोन वर्षांपूर्वी इंटेल एन१०० प्रोसेसर जोडूनच येणारा बिनपंख्याचा मदरबोर्ड घेतला. हा प्रोसेसर २०२३ च्या सुरुवातीला आला. त्याचा मूळ आकडा सहाच वॉट आहे, मात्र मदरबोर्ड बनवणारे त्याला थोड्या वेळासाठी त्याहून बरेच अधिक वॉट घेऊ देतात. हीटसिंक मदरबोर्डसोबतच येतो आणि त्याची उंची इतकी कमी आहे की पुस्तकाएवढ्या कॅबिनेटमध्येही तो बसतो.

जोडणी केली तेव्हा जानेवारीतली गड्ड्याची यात्रा सुरू होती. खोलीत २४ अंश होते आणि सलग अर्धा तास काम दिल्यावर प्रोसेसर ६१ वर स्थिरावला. मला फार समाधान वाटले. त्याच वर्षी मे महिन्यात खोली ४१ वर असताना तेच काम दिले, तेव्हा प्रोसेसर ७९ वर गेला. खोली १७ अंशांनी तापली आणि प्रोसेसर १८ अंशांनी. म्हणून जानेवारीत कोणी बिनपंख्याच्या संगणकाची चाचणी घेऊन खूश होत असेल, तर त्याने मिळालेल्या आकड्यात सरळ १८ मिळवावेत, असे मी आता सर्वांना सांगते.

हुतात्मा_बाग (१२ मार्च, रात्री ८.३०)

मग हीटसिंक तांब्याचा घेतला तर? तांबे उष्णता ॲल्युमिनियमपेक्षा जवळजवळ दुप्पट वाहून नेते, असे शाळेत शिकल्याचे आठवते.

तापमापक (१२ मार्च, रात्री ९.१०)

आपण शिकलात ते बरोबर आहे. तांब्याची उष्णतावाहकता साधारण ४०० आणि शुद्ध ॲल्युमिनियमची २३७ आहे. परंतु इथे अडचण धातूच्या आत नसून धातू आणि हवा यांच्या सीमेवर आहे. उष्णता पात्याच्या टोकापर्यंत व्यवस्थित पोहोचते, पण पुढे तिला घेऊन जायला हवाच कमी असते. त्यामुळे तांब्याने दोन-तीन अंशांचा फरक पडेल आणि वजन मात्र तिप्पट होईल. तेवढे ओझे मदरबोर्डला टांगून ठेवण्याचा मी सल्ला देणार नाही. तळाशी तांब्याचा तुकडा आणि पाती ॲल्युमिनियमची, ही रचना पुरेशी आहे.

रंगाबद्दलही कोणी विचारेल म्हणून आताच लिहितो. चकचकीत ॲल्युमिनियम स्वतःची उष्णता किरणांच्या रूपाने फारशी सोडत नाही. ॲनोडाइझ केलेला पृष्ठभाग तिच्या आठ-दहा पट सोडतो, मग त्याचा रंग काळा असो वा नसो. पंखा नसताना हा वाटा दुर्लक्ष करण्याजोगा राहत नाही. तरी जवळजवळ असलेली पाती एकमेकींवरच किरणे टाकतात, त्यामुळे खरा लाभ बाहेरच्या पृष्ठभागापुरताच मिळतो.

पुण्यात_स्थायिक (१३ मार्च, सकाळी ७.४५)

मूळचा सोलापूरचा असल्यामुळे लिहिल्याशिवाय राहवत नाही. पंखा हटवण्याचा हा हट्ट मला पटत नाही. नॉक्टुआचा एनएच-एल९आय हा कूलर एकूण ३७ मिलिमीटर उंचीचा आहे, त्यात १४ मिलिमीटर तर पंखाच आहे, आणि तो धागाकर्त्यांच्या ६२ मध्ये आरामात बसतो. थर्मलराइटचा एएक्सपी९०-एक्स४७ हा ४७ मिलिमीटरचा आहे. असा एखादा कूलर घ्यावा, पंखा अगदी मंद ठेवावा आणि कॅबिनेटच्या भोकांवर बारीक जाळी लावावी. मंद पंख्याची हवासुद्धा शून्य हवेपेक्षा कितीतरी चांगली असते, हे तापमापक यांच्याच हिशेबावरून दिसते.

ताणाबाणा (१३ मार्च, सकाळी ९.३०)

आपली सूचना मी आधीच करून पाहिली आहे. मच्छरदाणीचे कापड दुहेरी करून भोकांवर चिकटवले होते. चौथ्या दिवशी त्यावर नमद्यासारखा थर बसला आणि आत हवा जाणे बंद झाले. तळहाताने पुसला की निघतो, पण ते कोणीतरी दर तीन-चार दिवसांनी आठवणीने करायला हवे, आणि दिवाळीच्या आधी माल लावण्याच्या घाईत ते कोणालाही आठवत नाही. आपल्या पुण्याच्या घरातली धूळ आणि आमच्या शेडमधली रुई यांत फार अंतर आहे. धूळ खाली बसते, पण रुई तरंगत राहते आणि जिकडे हवा ओढली जाते तिकडेच जाते.

पेठेतला_दुरुस्तीवाला (१३ मार्च, दुपारी २.५५)

नवी पेठेत माझे दुरुस्तीचे दुकान आहे आणि यंत्रमागवाल्यांचे संगणक माझ्याकडे बऱ्याच वर्षांपासून येतात, म्हणून या विषयावर अधिकाराने लिहितो. मालक, तुमचे निदान अर्धेच झाले आहे. तुम्ही प्रोसेसरचा पंखा काढाल, पण एसएमपीएसमधला, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यातला, पंखा तुमच्या लक्षात आला आहे का? तोही तीच हवा, तीच रुई घेऊन, त्याच कॅबिनेटमधून ओढतो. माझ्याकडे आलेल्या अशा संगणकांमध्ये प्रोसेसरच्या कूलरपेक्षा एसएमपीएसच्या पोटातच रुई अधिक सापडते, आणि तिथे ब्रश पोहोचत नाही. पंखा नसलेला कूलर आणि पंखा असलेला एसएमपीएस अशी जोडी म्हणजे दार लावून खिडकी उघडी ठेवण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट अशी की प्रोसेसरवरचा पंखा फक्त प्रोसेसरला वारा देत नाही. कमी उंचीच्या कूलरचा पंखा हवा खाली मदरबोर्डवर सोडतो आणि त्या वाऱ्यावर शेजारचे वीजनियामक घटक, मेमरी आणि माहिती साठवणारी एम.२ एसएसडी हेही थंड राहतात. पंखा काढला की ती मंडळी पोरकी होतात. प्रोसेसर १०० अंश सोसतो, पण घरगुती वापराच्या एसएसडीची कामकाजाची मर्यादा बहुधा ७० अंशांची असते. कपॅसिटरच्या बाबतीत आमच्या धंद्यात ढोबळ नियम असा आहे की दर दहा अंश वाढीला त्याचे आयुष्य निम्मे होते. तेव्हा बिनपंख्याच्या संगणकात केवळ प्रोसेसरचे तापमान पाहून निश्चिंत होऊ नये, एसएसडीचेही पाहावे.

बिनपंख्याच्या हीटसिंकवर रुई बसत नाही, असेही नाही. ती बसते, परंतु सैल बसते. पंख्याने दाबून बसवलेल्या गादीसारखी तिची स्थिती नसते. फटी रुंद असतील तर साध्या रंगाच्या कोरड्या ब्रशने दोन मिनिटांत निघते.

कणबस_चौकशी (१३ मार्च, दुपारी ३.४०)

माझा बाळबोध प्रश्न आहे. सध्याचाच कमी उंचीचा कूलर ठेवून त्याचा फक्त पंखा काढून टाकला, तर पैसे न खर्चता बिनपंख्याचा कूलर मिळणार नाही का?

तापमापक (१३ मार्च, सायंकाळी ५.२०)

प्रश्न बाळबोध नाही, अनेकांनी हा प्रयोग केलेला असतो. पंख्यासाठी बनवलेल्या हीटसिंकमध्ये पाती अगदी दाट असतात आणि फटी दीड-दोन मिलिमीटरच्याच असतात. पंखा त्या फटींतून हवा जबरदस्तीने काढतो. पंखा नसताना प्रत्येक पात्याला चिकटून राहणारा हवेचा संथ थर समोरच्या पात्याच्या थराला जाऊन भिडतो आणि मधली हवा हलतच नाही. बिनपंख्याच्या कूलरमध्ये फटी सहा ते दहा मिलिमीटरच्या लागतात. दुकानात दोन कूलर शेजारी ठेवले तर हा फरक नुसत्या नजरेने ओळखता येतो. फटीत करंगळीचे टोक जात नसेल, तर तो कूलर पंख्यासाठी बनवलेला आहे असे समजावे.

पाती कोणत्या दिशेला धावतात, हेही महत्त्वाचे आहे. कॅबिनेट आडवे ठेवले तर पाती वरच्या दिशेने उभी राहतात आणि हवा बाजूंनी शिरून वर निघते. कॅबिनेट उभे ठेवले तर पाती जमिनीकडून छताकडे धावायला हवीत. ती आडवी झाली तर प्रत्येक पाते एक फळी बनते आणि गरम हवा तिच्याखाली अडकते. इंटेलच्या सॉकेटभोवतीची, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या खाचेभोवतीची, चार भोके चौरसाच्या कोपऱ्यांवर असतात, म्हणून कूलर ९० अंशांत फिरवून बसवता येतो. एएमडीच्या एएम४ सॉकेटची भोके आयताकृती, ९० बाय ५४ मिलिमीटरची आहेत, त्यामुळे तिथे ही मोकळीक सहसा मिळत नाही.

विजापूर_रोड (१३ मार्च, रात्री १०.१५)

तिसरा मार्ग कोणी मांडला नाही, तो मी मांडते. कूलरला उंची मिळत नसेल, तर संपूर्ण कॅबिनेटलाच कूलर करावे. स्ट्रीकॉम, अकासा आणि एचडीप्लेक्स यांची अशी कॅबिनेटे मिळतात. प्रोसेसरवर एक सपाट ठोकळा बसतो, त्यातून तांब्याच्या उष्णतानलिका निघून कॅबिनेटच्या जाड ॲल्युमिनियमच्या भिंतीला भिडतात आणि बाहेरच्या बाजूची पाती उष्णता खोलीत सोडतात. उष्णतानलिकेत निर्वातात थोडे पाणी असते. गरम टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला ती पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र थरातून परत येते. यात आतली हवा तापण्याचा प्रश्नच मोठ्या प्रमाणात मिटतो आणि तापमापक यांनी धरलेले ते नऊ अंश वाचतात.

माझ्याकडे असे कॅबिनेट आहे आणि त्यात ३५ वॉटच्या गटातला, नावाच्या शेवटी टी असलेला इंटेलचा प्रोसेसर आहे. तीन उन्हाळे तो व्यवस्थित चालला. मात्र पहिल्याच मे महिन्यात माझ्याकडून एक चूक झाली. पाहुणे येणार म्हणून मी ते कॅबिनेट टीव्हीखालच्या कपाटात सरकवून काचेचे दार लावले. वीस मिनिटांत संगणक इतका मंदावला की माऊसचा बाणसुद्धा अडखळत सरकू लागला. दार उघडून भिंतीला हात लावला तर क्षणभरही ठेवता येईना. तेव्हापासून ते उघड्या लाकडी फळीवर, खाली दोन बोटांची फट ठेवून ठेवले आहे आणि लहान मुलांना त्यापासून दूर राहायला शिकवले आहे. किंमत मात्र जास्त आहे आणि सोलापुरात ते मिळत नाही, मागवावे लागते.

पुण्यात_स्थायिक (१४ मार्च, सकाळी ८.००)

ताणाबाणा यांचे उत्तर वाचून माझे मत मी बदलतो. जाळी चार दिवसांत भरत असेल तर माझा उपाय तिथे लागू पडत नाही. पण मग एक गोष्ट आवर्जून सुचवतो. सध्याच्या प्रोसेसरलाच कमी वॉटमध्ये बांधून पाहावे. बऱ्याच मदरबोर्डांच्या बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, पीएल१ आणि पीएल२ अशा दोन मर्यादा असतात. पहिली सलग कामासाठी आणि दुसरी थोड्या वेळाच्या धावेसाठी. दोन्ही २० वॉटवर आणल्या तर आय३-१२१०० तापमापक यांच्या २३ च्या आत बसेल. हिशेबाच्या कामाला त्याहून अधिक लागत नाही.

जुळे_सोलापूरकर (१४ मार्च, सकाळी १०.१०)

उत्तम सूचना आहे आणि तिला खर्चही नाही. फक्त कूलर निवडताना एक सावधगिरी बाळगावी. या प्रोसेसरचे सॉकेट एलजीए१७०० आहे आणि त्याच्या भोकांमधले अंतर ७८ मिलिमीटर आहे. त्याआधीच्या एलजीए१२०० पर्यंतच्या सॉकेटमध्ये ते ७५ होते. बाजारातील बरेच बिनपंख्याचे कूलर जुन्या अंतराचे आहेत. उदाहरणार्थ, आर्क्टिकचा अल्पाइन १२ पॅसिव्ह, ज्याला ४७ वॉटपर्यंतचा म्हणून विकतात, तो जुन्या सॉकेटसाठी आहे. तीन मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण स्क्रू बसत नाही. शिवाय नॉक्टुआच्या एनएच-पी१ ची प्रशंसा वाचून कोणी भुलू नये. तो बिनपंख्याचा असला तरी १५८ मिलिमीटर उंच आणि पंख्याशिवाय जवळपास बाराशे ग्रॅम वजनाचा आहे, लहान कॅबिनेटमध्ये त्याचे काम नाही.

आणखी एक गोष्ट म्हणजे ६२ मिलिमीटर जागा आहे म्हणून ६० चा कूलर घेऊ नये. वरून हवा निघायला पात्यांच्या टोकांवर किमान दीड सेंटीमीटर मोकळी जागा लागते, नाहीतर सपाट पत्र्याखाली गरम हवेचा थर साठतो. म्हणजे आपल्या हातात ४५ ते ४७ मिलिमीटरच आहेत.

तापमापक (१४ मार्च, दुपारी १२.३०)

हा मुद्दा माझ्याकडून सुटला होता. ४६ मिलिमीटर उंची धरली तर पृष्ठभाग जवळजवळ पाव हिश्शाने घटतो, औष्णिक रोध दोनच्या आसपास जातो आणि माझे २३ वॉट १७-१८ वर येतात. झाकणाला पात्यांच्या बरोबर वर भोके पाडली किंवा तिथला पत्रा कापून छिद्रांची जाळी बसवली, तर यातले बरेचसे परत मिळेल.

साखर_पेठ (१४ मार्च, दुपारी १.०५)

कार्यालयात वाळ्याचा कूलर लावला तर खोली ४१ वरून ३२-३३ वर सहज येईल. आपल्याकडची उन्हाळ्याची हवा कोरडी असल्यामुळे तो इथे चांगला चालतो. तेवढेच आठ अंश प्रोसेसरलाही मिळतील.

पेठेतला_दुरुस्तीवाला (१४ मार्च, दुपारी २.२०)

अंश मिळतील, हे खरे आहे, पण त्याची झळ माझ्या टेबलावर दिसते. ओलसर हवेत रुई चिकट होते आणि ब्रशने निघत नाही, बोळा ओला करून पुसावी लागते. कूलरचा झोत थेट संगणकावर असेल तर कनेक्टरवर हिरवट थर धरलेलाही मी पाहिला आहे. माणसांसाठी कूलर जरूर लावावा, मात्र संगणक त्याच्या झोतात ठेवू नये.

शांतघर (१४ मार्च, सायंकाळी ७.१५)

एसएमपीएसबद्दल दुरुस्तीवाले काकांनी लिहिले ते फार मोलाचे आहे. एन१०० च्या काही मदरबोर्डांना लॅपटॉपसारखा १९ व्होल्टचा बाहेरचा अडॅप्टर थेट लागतो, त्यामुळे कॅबिनेटमध्ये एसएमपीएसच राहत नाही आणि त्याची उष्णताही बाहेरच राहते. ज्यांच्याकडे साधा मदरबोर्ड आहे, त्यांनी बाहेरचा अडॅप्टर आणि आत मदरबोर्डच्या चोवीस पिनांच्या वीजजोडणीच्या जागी बसणारी, अडॅप्टरची वीज मदरबोर्डला हव्या त्या व्होल्टमध्ये बदलणारी छोटी डीसी-डीसी पट्टी वापरावी. वीज गेल्यावर असा संगणक आमच्या घरच्या साध्या इन्व्हर्टरवर बराच वेळ चालतो.

ताणाबाणा (२३ मार्च, रात्री ९.५५)

सर्वांच्या सूचनांवर गेला आठवडा काम केले, त्याचा वृत्तान्त लिहितो.

प्रथम बायोसमध्ये दोन्ही मर्यादा २० वॉटवर आणल्या आणि कोणाला न सांगता चार दिवस संगणक तसाच चालू दिला. हिशेब पाहणाऱ्या मुलाला काहीही जाणवले नाही. जॅकार्डची मोठी नक्षी उघडायला पूर्वी ४० सेकंद लागत होते, आता ५२ लागतात. माझ्या कामाला हे चालण्यासारखे आहे. इतकी वर्षे ६० वॉटचा प्रोसेसर मी कशासाठी तापवत होतो, हा प्रश्न मलाच पडला.

त्यानंतर कमी उंचीचा, ७८ मिलिमीटरच्या भोकांचा, रुंद फटींचा ठोकळा शोधला. ४५ मिलिमीटरच्या आत बसणारा एकही मनासारखा मिळाला नाही. जे मिळाले ते पंख्यासाठी बनवलेले, दाट पात्यांचे होते. दुरुस्तीवाले काकांना दुकानात जाऊन भेटलो. त्यांनी माझा एसएमपीएस माझ्यासमोर उघडला. आत मुठीएवढी रुई होती आणि ती एका कपॅसिटरभोवती इतकी घट्ट गुंडाळली गेली होती की कांडीवर सूत भरावे तशी दिसत होती. ते पाहून निर्णय झाला.

कारखान्यातल्या कार्यालयासाठी एन१०० चा, हीटसिंक सोबत येणारा आणि बाहेरच्या अडॅप्टरवर चालणारा मदरबोर्ड घेतला आहे. कॅबिनेट जुनेच ठेवून झाकणाचा मधला भाग आमच्याच फिटरकडून कापून घेतला आणि तिथे मोठ्या भोकांची जाळी बसवली. कॅबिनेट मागांच्या दाराकडच्या टेबलावरून हलवून समोरच्या भिंतीवर पाच फुटांवर उभे टांगले आहे, पाती खालून वर धावतील अशा दिशेने. काल दुपारी खोलीत ३६ अंश होते, तेव्हा नक्षी उघडताना आणि बिले छापताना प्रोसेसर ६८ वर आणि एसएसडी ५४ वर होती. आय३ चा जुना संगणक पंख्यासकट घरी नेला, तिथे रुई नाही.

विजापूर_रोड (२४ मार्च, सकाळी ९.०५)

अभिनंदन. भिंतीवर टांगले हे फार चांगले केले. पत्र्याच्या शेडची पश्चिमेकडची भिंत दुपारनंतर स्वतःच तापते, तेव्हा कॅबिनेट त्या भिंतीवर असेल तर मागे लाकडी पट्ट्या ठोकून दोन बोटांची फट ठेवावी.

तापमापक (२४ मार्च, दुपारी १.४०)

खोली ३६ वर आणि प्रोसेसर ६८ वर, म्हणजे फरक ३२ अंशांचा. मे महिन्यात खोली ४१ वर गेली तर प्रोसेसर ७३ आणि एसएसडी ५९ च्या आसपास राहायला हवी. त्याहून चार-पाच अंश अधिक दिसू लागले तर पात्यांत रुई साठली आहे असे समजून ब्रश फिरवावा. पंखा नसल्यामुळे आता आवाजावरून काही कळणार नाही, म्हणून तापमान पाहायची सवय ठेवावी लागेल.

ताणाबाणा (२४ मार्च, रात्री ८.२५)

भिंत पश्चिमेचीच आहे. उद्या सकाळी माग सुरू होण्याआधी पट्ट्या ठोकून घेतो. तापमानाचे आकडे दर सोमवारी पगाराच्या वहीत मागच्या पानावर लिहायला सुरुवात केली आहे. मे अखेरीस ते सर्व इथे देईन.